धोबीखान्यातली वही

शंभर वर्षांची स्मरणिका निघतेय,
फुटबॉलचं एक पान तुम्ही लिहा, म्हणाले. दोनशे शब्द.
मी गावचे जुने पेपर उपसले.
त्या शनिवारच्या अंकात कापसाचा भाव आहे,
कुणाचं तरी हरवलेलं खेचर आहे,
आमच्या कॉलेजची अकरा पोरं दिवसभर मातीत लोळली
ते नाही.

मग तळघरात, बॉयलरमागे, ही वही.
अर्झुला टिमन्स, कपडे धुणारी. १९२३ ते १९६१.
डावीकडे नग, उजवीकडे शेरा.

जर्सी अकरा. चारांवर रक्त. जिंकलो.
जर्सी अकरा. नुसता चिखल. हरलो.
पण लूशस दोनदा सुटला. त्याची बाही शिवायची आहे.
पँटी नऊ. दोन परत आल्या नाहीत.

अकराच जर्सी होत्या.
बदली खेळाडू कडेला उघड्या अंगाने थांबायचा
आणि बाहेर येणाऱ्याची ओली, गरम जर्सी
डोक्यातून ओढून आत पळायचा.
एका कापडात दोघांचा घाम.
बाईंनी नग एकच धरला.

अलाबामाची माती तांबडी. निघत नाही.
लिंबू, मीठ, राख, रॉकेल,
सगळं करून पाहिल्याचं समासात लिहिलंय.
आणि १९३१च्या एका पानावर फक्त:
राहू दे.

त्याच वर्षी चुन्याला पैसे नव्हते.
भटारखान्यातून मक्याचं पीठ आणून रेषा आखल्या
आणि मध्यंतरात चिमण्यांनी वीस यार्डांची रेष टिपून नेली.
हे मला होसीया ग्रेगरींनी सांगितलं, वय एक्क्याण्णव,
त्यांना त्यांच्या वडिलांनी.
मी तपासलेलं नाही. तपासणारही नाही.

१९४३: जर्सी नाहीत. पोरं युद्धावर. पडदे धुतले.

१९५२: बसमधून टॉवेल सतरा. सगळे कोरडे.
ही नोंद मला कळेना.
होसीया म्हणाले, तीनशे मैलांवर सामना होता,
आंघोळीला कुणी जागा दिली नाही.
बुटांच्या खोक्यांत तळलेली कोंबडी बांधून दिलेली,
ती अंधारात खाल्ली,
आणि अंगावरची माती घरापर्यंत वाळत आली.
कोपर वाकवलं की तडकायची, म्हणाले,
आणि हसले.

त्यांचं हेल्मेट मोठ्या, गोऱ्या विद्यापीठानं टाकून दिलेलं.
आत शाईनं नाव होतं: डब्ल्यू. आर. हॅचर.
'चार वर्षं त्याचं नाव कपाळाला घासत खेळलो.
त्याला माझं कळलं नसेल.'

वहीतली शेवटची ओळ:
मशीन आलं.
पुढे कोरी पानं.

पुढचं मला वहीशिवाय लिहायचंय.
मोठ्या विद्यापीठांची दारं उघडली,
आणि जे आमच्याशी खेळायला तयार नव्हते
तेच आमच्या गल्ल्यांत गाडी घेऊन आले,
आयांना 'मॅडम' म्हणत ओट्यावर बसले,
सगळ्यात वेगानं पळणारं पोर घेऊन गेले.
उघडलं ते बरंच झालं, होसीया म्हणतात.
फक्त, त्या दारातून जाणं झालं.
येणं कुणाचं नाही.

गेल्या शनिवारी चौतीस-सहा हरलो.
मध्यंतरात आमचा बँड वाजला, तोवर स्टेडियम भरलेलं,
ढोलांनी बाकं हलत होती.
मग निम्मे लोक उठून गेले.
होसीया बसून राहिले, मांडीवर घोंगडी,
शेवटच्या मिनिटालाही पंचाला शिव्या.

नंतर मी सामानाच्या खोलीत डोकावले.
मशीनच्या गोल काचेमागे
लालसर पाणी फिरत होतं.
टेरेल नावाचा मुलगा मोबाइल बघत उभा.
विचारलं, निघते का रे ही माती?
त्यानं एका कानातलं काढलं.
'काय म्हणालात?'